कळवणच्या तारवाल्या मॅडम

मिरजेत कुणालाही सांगा की नाशिकला जाऊन आले. पहिला प्रश्न येतो, त्र्यंबकला गेलात का? दुसरा, द्राक्षं आणलीत का? दोन्हींचं उत्तर नाही. देव राहिला, द्राक्षं राहिली, आणि जे घेऊन आले ते शेजारीपाजारी वाटण्यासारखं नाही. तरी लिहिते, कारण पोटात ठेवलं तर मलाच ॲसिडिटी होते.

मी दातांना तारा लावणारी डॉक्टर. पुढे आलेले, एकमेकांवर चढलेले, रुसून बाजूला बसलेले दात ओळीत आणायचे, हा माझा पंचवीसेक वर्षांचा धंदा. महेंद्र माझा कॉलेजातला दोस्त. प्लास्टरचे साचे आम्ही एका टेबलावर घासले, परीक्षेच्या आदल्या दिवशी एकमेकांना शिव्या देत पाठांतर केलं. पुढे तो नाशिकला गेला आणि मोठा झाला. शहरात स्वतःचा दवाखाना, शिवाय सातपूर, घोटी, कळवण इथे ठरलेल्या वारी फेरी. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. गावातला दातांचा डॉक्टर महिनाभर पेशंट गोळा करून ठेवतो आणि ठरल्या दिवशी शहरातून तारवाला डॉक्टर पिशवीत पकडी घालून येतो. मीही जतला जाते, त्यामुळे फेरीला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

या थंडीत महेंद्र न्हाणीघरात घसरला आणि उजवं मनगट मोडून बसला. फोन आला, "नीला, आठवडाभर ये ना. बाहेरचे वार तेवढे सांभाळ." दोस्ती म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? बॅग भरली आणि निघाले.

नाशिक

थंडी म्हणजे काय ते मिरजकरांनी नाशिकला जाऊन बघावं. सकाळी महेंद्रच्या घरी गिझरचं पाणीसुद्धा मला कोमट वाटलं. नाश्त्याला त्याने मिसळ मागवली. आमच्याकडे मिसळ म्हणजे कट, फरसाण, पाव, खा आणि घाम पुसा. इथे मिसळीबरोबर पापड, दही आणि वर जिलबी! मी म्हटलं, "अरे, ही मिसळ आहे की साखरपुड्याचं जेवण?" महेंद्र हसला. गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात हलला म्हणून कळवळलासुद्धा. तेवढी एक सकाळ जुन्यासारखी गेली.

मग त्याने दवाखाना दाखवला. काचेची दारं, तोंडात कांडी फिरवली की पडद्यावर दात उमटवणारं यंत्र, पुढे सहा महिन्यांनी तुम्ही कसे हसाल त्याचं चित्र. बाहेर कॉफीचं मशीन. सगळं दिसलं, फक्त महेंद्रची पकडीची पेटी कुठे दिसली नाही. विचारलं तर म्हणाला, "अगं, मी आता दात बघत नाही, प्रॅक्टिस बघतो. बाहेरगावी नवीन पास झालेली मुलं पाठवतो. वर्षभर टिकतात, मग स्वतःचं थाटतात. मग दुसरी येतात. आत्ता नेमका मधला महिना, कुणी नाही, म्हणून तुला त्रास."

हे त्याने अभिमानाने सांगितलं. मला तेव्हा खटकलं, पण पाहुण्याने पहिल्याच दिवशी तोंड वाजवू नये, म्हणून जिलबी खाल्ली.

सातपूर

सातपूरचा दवाखाना भरतो तो पहिली पाळी सुटल्यावर. कंपनीच्या बस थांबतात, मोटारसायकली येतात, आणि निळ्या गणवेशातली माणसं डबा मांडीवर ठेवून बाकावर बसतात. दातांची हौस फक्त कॉलेजातल्या पोरींना असते असं ज्याला वाटतं त्याने इथे यावं. तिशीपस्तिशीचे गडी तारा लावून बसले होते आणि त्यात कुणाला लाज नव्हती.

एक फिटर आला. वरची तार अर्धीच. उरलेली अर्धी खिशातून काढून त्याने माझ्या हातावर ठेवली.

"लय टोचत व्हती मॅडम. कंपनीतल्या कटरनं कापली. एका दणक्यात!"

"आणि दात फिरला तो?"

"तो पन फिरला का?" त्याने आरशात बघितलं. "आयला, खरंच की!"

मी त्याला चांगलं झापलं. टोचलं तर मेण लावायचं, फोन करायचा, कटर चालवायचा नाही. तो मान हलवत होता आणि म्हणत होता, "फोन केला व्हता मॅडम. पहिल्या सरांचा नंबर बंद, दुसऱ्या मॅडमचं लगीन झालं, तिसरे सर म्हणले मी आता तिथं नसतो." नवी तार टाकली आणि माझा नंबर दिला. मिरजेचा नंबर सातपूरच्या माणसाला देऊन काय उपयोग, हे मलाही कळत होतं.

घोटी

घोटीला दवाखाना तांदळाच्या दुकानावर. जिना चढताना नव्या तांदळाचा असा वास येतो की दात वगैरे विसरून खाली जाऊन बसावंसं वाटतं. भाताची कापणी होऊन गेलेली, गिरण्या चालू, कोंडा हवेत. दुपारी खालच्या दुकानदाराच्या घरून ताट आलं. वाफाळता भात, वर आमटी, बाजूला सुकटीची चटणी. आम्ही देशावरची माणसं भाकरीवर वाढलेली, भात म्हणजे शेवटचे दोन घास. इथे भातच पहिला आणि भातच शेवटचा, आणि तो भात खाल्ल्यावर मला आमचं चुकतंय असं वाटलं.

पेशंट मात्र सगळे एकच पालुपद लावून. मागच्या वेळी दुसरे सर होते. त्यांच्या आधी मॅडम होत्या. एका आजोबांनी नातीला पुढे करत विचारलं, "तुम्ही आता कायमच्या का?" मी नाही म्हटलं तर म्हणाले, "मंग हिला पुढल्या बारीला काय सांगू? कोन येनार हे?" मी म्हटलं, येईल कोणीतरी. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. बाजारात खोटं वजन मारणाऱ्याकडे बघतात तसं.

कळवण

कळवणला एसटीने गेले. दिंडोरीपासून द्राक्षबागा सुरू होतात, घडांना कागद बांधलेले. मग वणी, मग नांदुरी. देवीचा गड दिसला तशा बसमधल्या बायकांनी बसल्या जागी हात जोडले, मीही जोडले. पुढे कांद्याची शेतं, डाळिंबं, डोंगर इतके जवळ की खिडकीतून हात लावावा. या वाटेवर मी खरोखर खूश होते, हे लिहून ठेवते, कारण पुढे त्यातलं काही उरलं नाही.

दवाखाना डॉ. गोरखचा. तिथलाच मुलगा, दात काढणं आणि भरणं चांगलं करतो, तारांचं काम महेंद्रच्या माणसांचं. पोचताच त्याने चहा दिला आणि म्हणाला, "मॅडम, आधी तारवाल्या मॅडमला घ्या. त्यांची शाळा हे."

वैशाली आली ती आईला घेऊन. गावातल्या बालवाडीत शिकवते, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. तारवाल्या मॅडम हे नाव तिच्या वर्गातल्या पोरांनी पाडलेलं. तारा धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगा दर महिन्याला बदलतात आणि त्यांचा रंग पेशंट निवडतो. या महिन्यात मॅडमचा रंग कोणता, याच्यावर म्हणे पोरांच्या पैजा लागतात. हे सांगताना ती दिलखुलास हसली. मी बघतच राहिले. दात इतके सरळ, इतके जागच्या जागी, की करण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं.

"तारा कधीपासून आहेत गं?"

"डी.एड.ला होते तेव्हा बसवल्या. झाली की सहा वर्षं."

सहा वर्षं! दोन वर्षांचं काम. "मग काढल्या का नाहीत?"

"सर म्हणले, अजून थोडं. त्यांच्या आधीचे म्हणले, मोठे सर येतील तेव्हा काढतील. आधीच्या मॅडम पण तेच म्हणल्या."

मोठे सर म्हणजे महेंद्र. मी तिच्या पुढच्या वरच्या दाताला बोट लावलं. दात हलला. दुसरा हलला. चारही हलले. गोरखला म्हटलं, एक्स-रे काढ.

आता हे नीट सांगते. तार दाताला ढकलते, दात हाडातून हळूहळू सरकतो. हे ढकलणं गरजेपेक्षा जास्त वर्षं चाललं तर काही जणांच्या दातांची मुळं आतल्या आत झिजून जातात. दुखत नाही, सुजत नाही, वरून हसू झकास. म्हणून मधून मधून एक्स-रे काढून मुळं बघायची, आणि काम झालं की तारा काढायच्या. यात कसली मोठी विद्या नाही, पहिल्या वर्षी शिकवतात. पडद्यावर वैशालीचे पुढचे चार दात आले. मुळं निम्मीसुद्धा नव्हती.

आमच्या धंद्यात एक अलिखित शिष्टाचार आहे. दुसऱ्याने बसवलेल्या तारा आपण काढायच्या नाहीत. केस ज्याची, शेवट त्याने करायचा. चांगल्या घरची रीत म्हणून आम्ही ती पाळतो, मीही पाळत आले. इथे सहा वर्षांत जे जे पोर आलं त्याने ती इमानेइतबारे पाळली. रिंगा बदलल्या, रंग विचारला, तार घट्ट केली, आणि शेवट मोठ्या सरांवर ठेवला. आधीच्याने एक्स-रे बघितला असेल असं पुढच्याने धरलं. आणि मोठे सर प्रॅक्टिस बघत होते. असा संताप आला मला! वाटलं, त्या शिष्टाचाराला काडी लावावी.

बाहेर जाऊन महेंद्रला फोन केला. ऐकून तो म्हणाला, "काढून टाक तारा. मागून बारीक तार चिकटव, दात धरून ठेवेल. आणि सांग, काम छान झालं."

"आणि मुळांचं?"

"ते नको बोलू."

"महेंद्र, तिला कळायला नको?"

"कळून काय उगवणार आहेत का मुळं? उगाच पोरगी घाबरेल. पुढे कधी हलले तर बघू."

"आत्ता हलतायत ते!"

"नीला, तू तीन दिवसांनी मिरजेला जाशील. मला इथे दुकान चालवायचंय." आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांत आम्ही पुष्कळ भांडलो, पण त्याची मला किळस आली ती याच वेळी.

आत आले. गोरख म्हणाला, "सर म्हणतील तसं, मॅडम," आणि बाहेर पेशंट बसलेले असताना तो मुलगा पाय मोकळे करायला निघून गेला. मी तारा काढल्या. तार धरणारं, दाताला चिकटवलेलं एकेक ब्रॅकेट सुटताना हात जपून चालवत होते, कारण दात माझ्या हातात यायची भीती होती. मागून बारीक तार चिकटवली. मग आरसा देण्याआधी खुर्ची सरळ केली आणि दोघींना सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "काय व्हयनं माय? दात तं चांगले दिसता."

"मावशी, मांडवाचा खांब उभा राहतो तो आत पुरलेल्या भागावर ना? हिच्या चार दातांचा आतला भाग निम्म्यावर आलाय."

वैशालीची जीभ सारखी दातांवरून फिरत होती, इतक्या वर्षांनी तारा नसलेले दात चाचपत. मग विचारलं, "किती दिवस राहतील?"

"सांभाळलेस तर वर्षानुवर्षं. ऊस, पेरू, कणीस या दातांनी तोडायचं नाही. मागची तार सुटली तर त्याच दिवशी चिकटवून घ्यायची. आणि दर काही महिन्यांनी कुणीतरी जाणत्याने बघायचं, जन्मभर."

"चूक कोणाची?"

"आमची."

"आमची म्हंजे? तुम्ही तर आज आल्या."

ती बालवाडीतली बाई. उत्तर अर्धवट दिलं की पुन्हा विचारायची सवय. मी सांगितलं, "महेंद्रची. आणि त्याने पाठवलेल्या सगळ्यांची. एक्स-रे काढायचा असतो, कुणी काढला नाही. तारा काढायच्या होत्या, कुणी काढल्या नाहीत."

"हे तुम्ही सरांच्या तोंडावर सांगाल?"

"सांगेन."

"मग मी परवा येते नाशिकला."

यानंतर जे झालं ते मला अजून पचलेलं नाही. आमच्याकडे असं काही सांगितलं असतं तर दवाखान्याच्या काचा शिल्लक राहिल्या नसत्या. इथे आई उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "जेवाना टाइम व्हयना. घर चला." मी नको नको म्हणत होते, पण हात धरून नेलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, वर कच्च्या तेलाची धार. एरवी अशा जेवणावर मी तुटून पडते. समोर वैशाली भाकरीचे इवले इवले तुकडे करून बाजूच्या दाढेत ठेवत होती, मी सांगितलं होतं तसं, अगदी शहाण्यासारखं. ते बघत मी जेवले. चव विचाराल तर सांगता येणार नाही.

पुन्हा नाशिक

दोन दिवस मी महेंद्रच्याच घरी जेवत होते आणि आम्ही एकमेकांशी मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलत होतो. मी एकदा म्हटलं, "ती येणार आहे." तो म्हणाला, "येऊ दे."

वैशाली आली ती एकटीच, शाळेतून रजा काढून, इस्त्रीची साडी नेसून. महेंद्रच्या खोलीत तिघे बसलो. दाराला काच, कोपऱ्यात पेशंटची खुर्ची आणि दिवा, बाहेर कॉफीचं मशीन घुरघुरतंय. मी शब्द पाळला. एक्स-रे समोर ठेवला आणि त्याच्या तोंडावर सगळं सांगितलं. कुठे काय करायला हवं होतं, कुठे कुणी केलं नाही, आणि परवा फोनवर तो मला काय लपवायला सांगत होता, तेही. महेंद्रचं तोंड पांढरं पडलं. त्याने डाव्या हाताने एक्स-रे जवळ ओढला आणि एकेक मूळ निरखलं.

मला चेव आला होता. वैशालीला म्हटलं, "तू तक्रार कर. मी लिहून देते, सही करते. घाबरू नकोस."

ती माझ्याकडे वळली. "आणि मग मला कोण बघनार मॅडम?"

"मी बघेन ना! मिरजेला ये. एक पैसा घेणार नाही."

"मिरज कुठं, कळवण कुठं. मागची तार शाळेत असताना सुटली तर मी मिरजेला येऊ?" आवाज चढवला नव्हता तिने. "तुम्ही खरं सांगितलं, तुमचे उपकार हे. पण तुम्ही उद्याच्या गाडीनं जानार. दात माझ्या तोंडात राहनार."

मग ती महेंद्रला म्हणाली, "सर, आजपासून माझे दात तुम्हीच बघायचे. कोनाला पाठवायचं नाय. कळवणला दर महिन्याला तुम्ही स्वतः यायचं, माझ्यासाठी नाय, सगळ्यांसाठी. आणि सगळ्यांचे एक्स-रे काढायचे. नाय आले तर मॅडमचा नंबर माझ्याकडं हे, मॅडम लिहून देनार म्हणल्यात."

महेंद्रने एक्स-रे बाजूला सरकवला. "येईन," म्हणाला. मग, "बस खुर्चीत. बघू दे मला."

मी मध्ये तोंड घातलंच. "हात प्लास्टरमध्ये आहे त्याचा! आणि इतकं होऊन तू याच्याच खुर्चीत..."

"मॅडम," ती म्हणाली, शाळेतल्या गोंधळ घालणाऱ्या पोराला म्हणावं तसं, पण मायेने, "राग मानू नका. तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी बाहेर आले. काचेतून दिसत होतं. महेंद्रने डाव्या हाताने दिवा खाली ओढला, आणि तिने डोळे मिटून त्याच्यापुढे तोंड उघडलं.